खालून वर वाचलेला पत्ता

पोस्टमन होतो म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. कुत्रा कितीदा चावला आणि मनीऑर्डर हातात पडल्यावर म्हातारी कशी रडली. कुत्रा दोनदा चावला. म्हाताऱ्या रडत नाहीत, त्या नोट उजेडात धरून बघतात. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी 'नोकरीतलं काहीतरी हृद्य लिहा' असं सांगितलं तेव्हा मी मान डोलावली खरी, पण हृद्य मला जमणार नाही. मला जळण्याबद्दल लिहायचं आहे. तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं वाटली, आणि त्यातली निम्मी तरी वर्षं दुसऱ्यांवर जळत वाटली.

सुरुवात बारीकसारीक गोष्टींनी झाली. ऐंशी सालाच्या पुढेमागे ठाण्यात वर्तकनगरची बीट माझ्याकडे होती. बीट म्हणजे एका पोस्टमनच्या वाट्याचा भाग. वसाहतीतल्या इमारती, लिफ्टचं नाव नाही, पत्रपेट्या नाहीत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला नेमकी रजिस्टर पत्रं येणार. माझ्या शेजारी बसणाऱ्या पवारला बंगल्यांची बीट होती. दिवाळीला पवार पोस्त, म्हणजे सणाची बक्षिशी, घेऊन यायचा तो खिसा फुगवून, मी यायचो चकल्यांच्या पुड्या घेऊन. चकल्या वाईट नसायच्या. पण पवारच्या खिशाकडे बघत खाल्ल्या की घशाखाली उतरायच्या नाहीत.

पुढे माझी बदली डोंबिवलीत पश्चिमेच्या बाजूला झाली. घर कोपरला, चाळीत. वडील खाडीत जाळी टाकायचे, मी त्या घरातला पहिला सरकारी नोकर. आईला याचा एवढा अभिमान, की मी खाकी घालून निघालो की ती मुद्दाम ओट्यावर येऊन उभी राहायची. मला मात्र ती खाकी घातली की जगातले सगळे लोक माझ्यापेक्षा चांगले कपडे घालतात असं वाटायचं. स्वभावाला औषध नाही.

आता या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुम्ही पत्ता वरून खाली वाचता. आधी नाव, मग घर, मग रस्ता, मग गाव. पोस्टमन तो खालून वर वाचतो. आधी पिनकोड, मग रस्ता, मग सोसायटी, मग फ्लॅट नंबर. सकाळी थैली रिकामी झाली की पाच-सहाशे टपाल चालण्याच्या क्रमाने लावायचं असतं, त्यात नाव वाचायला वेळ कोणाला? फ्लॅट नंबर कळला की पाय आपोआप तिकडे वळतात. जुन्या बीटवर तर नाव न वाचताच वर्षं निघतात. नवीन मुलांना मी हेच शिकवायचो आणि वर सांगायचो, नावाच्या नादी लागाल तर दुपारचं जेवण रात्री जेवाल.

नव्वदनंतर काही वर्षांनी ते लिफाफे यायला लागले. लांबट, जाड, गुळगुळीत कागदाचे, पुढे खिडकी, खिडकीतून संगणकाने छापलेलं नाव. मागे परदेशी बँकेचं नाव. कोणी मागितलेले नाहीत, कोणाची ओळख नाही, तरी आत लिहिलेलं की आमच्या क्रेडिट कार्डासाठी आपली खास निवड झालेली आहे. बँका टेलिफोनच्या यादीतून, मोटारींच्या यादीतून, कुठल्या कुठल्या यादीतून नावं उचलायच्या. पहिल्या आठवड्यात अर्ध्या बीटला वाटलं की इन्कम टॅक्सची नोटीस आली. मी जिन्यातच उभा राहून क्रेडिट कार्ड म्हणजे काय ते समजावत होतो, आणि मला स्वतःला ते नीट कळलेलं नव्हतं.

मोठागावात खाडीजवळ एक कोळीण आजी राहायच्या, हौसाबाई. त्यांच्या मुलाने फोन घेतलेला, तो वडिलांच्या नावावर. वडील वारले तरी फोन तसाच. त्यामुळे लिफाफा वडिलांच्या नावाने आला. हौसाबाई मासळी साफ करत बसलेल्या. हात पदराला पुसून म्हणाल्या, "माना इंग्रजी कुठं येतं? तूच वाच." मी वाचून सांगितलं की बँक तुमच्या मालकांना कार्ड देतेय, त्यावर दुकानात उधार मिळेल.

"कोनाला?"

"तुमच्या मालकांना."

बाईंनी लिफाफा उलटा करून बघितला. मग म्हणाल्या, "जिता व्हता तवा वाणी पावशेर साखर उधार देत नव्हता. आता मेल्यावर पत आली त्याची." आणि लिफाफा त्यांनी देव्हाऱ्यावर, नवऱ्याच्या फोटोच्या फ्रेमला टेकवून ठेवला. पुढे कितीतरी महिने तो तिथेच होता.

दुसरे एक निवृत्त हेडमास्तर. या लिफाफ्यात उत्तराचा एक छोटा लिफाफा असायचा, त्याला तिकीट लावावं लागत नाही, वजनाप्रमाणे पैसे बँक भरते. हे मी बोलता बोलता त्यांना सांगितलं ती माझी चूक. त्या दिवसापासून मास्तर त्या छोट्या लिफाफ्यात जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या कोंबून ठासून भरायचे आणि पेटीत टाकायचे. मी विचारलं तर म्हणाले, "मला न विचारता पत्र पाठवलं, मीही न विचारता पाठवतो. शिष्टाचार आहे." पेटी उघडणारा आमचा शिंदे त्यांना रोज नवीन शिवी द्यायचा.

मी हे किस्से घरी सांगायचो, बायको सुमन हसायची. पण सांगताना माझ्या पोटात दुखत असायचं. हौसाबाईंच्या मेलेल्या नवऱ्याची निवड झाली, माझी नाही. मला पक्कं ठाऊक होतं की ती 'खास निवड' कसली आहे. एकेका दिवशी माझ्या खांद्यावरच्या थैलीत असे दोनशे खास लोक असायचे. ते फसवं आहे हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि तरी मला एक हवा होता. खिडकीत छापलेलं, संगणकाने, श्री. नारायण तरे. मिठाईच्या दुकानात काम करणाऱ्याला पेढ्याचा कंटाळा येतो म्हणतात. मला नाही आला.

आणि मग सदा.

सदानंद कर्णिक माझ्या शाळेतला. डोंबिवलीच्या शाळेत आम्ही मॅट्रिकपर्यंत एका बाकावर होतो. अभ्यास मी करायचो, लिहायचो दोघं. म्हणजे मी माझा पेपर जरा तिरका धरायचो आणि सदा तो उतरवायचा. इंग्रजीचा एल मी खाली शेपटी वळवून काढायचो. सदाने ती शेपटीही उतरवली आणि सरांनी दोघांना बाकावर उभं केलं. मॅट्रिकला मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क. पण त्याचे वडील रेल्वेत कारकून, म्हणून तो कॉलेजात गेला. माझे वडील जाळ्यात, म्हणून मी पोस्टाच्या परीक्षेला. वीस वर्षांनी तो औषधाच्या कंपनीत साहेब होऊन परत आला आणि त्याने फ्लॅट घेतला तो नेमका माझ्या बीटमध्ये. स्वप्नपूर्ती सोसायटी, बी विंग, अकरा नंबर. तिसरा मजला, खाली सेकंडहँड मारुती.

कोणाच्या नशिबाचं टपाल त्याच्या दारात रोज नेऊन देणं, आणि त्याच्याच हातचा चहा पिणं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. सदा चांगला होता हीच मोठी अडचण होती. तो उद्धट असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याला पहिला लिफाफा आला त्या दिवशी शनिवार होता. दार त्यानेच उघडलं.

"नाऱ्या, ये, बस ना."

"ड्युटीवर आहे."

त्याने तिथेच उभ्या उभ्या लिफाफा फाडला. "बघ काय लिहिलंय. सिलेक्टेड फ्यू. आपण फ्यूमध्ये आलो रे."

मला राहवेना. म्हटलं, "तुझ्या खालच्या मजल्यावर आत्ताच दोन टाकून आलोय."

मला वाटलं त्याचं तोंड पडेल. तो खदाखदा हसला. "म्हणजे आमची बिल्डिंगच फ्यू." मग हसू थांबवून त्याने विचारलं, "तुला नाही आलं?"

"आम्हाला कोण पाठवणार? चाळीत ना फोन, ना गाडी. आमच्या खोलीला धड नंबर नाही."

तो आतला फॉर्म उलटसुलट करून वाचत राहिला. मी खाली उतरलो ते त्या मारुतीवर डोळा ठेवूनच. घरी सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला आलं तर तुमच्या पोटात का दुखतंय? घेऊन तर तुम्हीच गेलेलात." बायकोला बरोबर दुखतं तिथेच बोट लावता येतं.

दोन-तीन आठवड्यांनी त्याच बँकेचा दुसरा लिफाफा आला, बी विंग अकरा नंबर. मी थैलीतून तो काढला, जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलो आणि पायरीवर बसलो. वरून सदाच्या घरातून टेपवर गाणी ऐकू येत होती आणि त्याच्या बायकोच्या, मालतीवहिनींच्या, स्वयंपाकघरातून तळलेल्या कशाचा तरी वास येत होता. मी खिशातून पेन काढलं.

पत्र घेणारा सापडला नाही तर पोस्टमनने पाकिटावर कारण लिहायचं असतं. त्याला आम्ही रिमार्क म्हणतो. घेणाऱ्याने नाकारलं, पत्ता अपुरा, असा माणूस माहीत नाही, आणि माणूस घर सोडून गेला असेल तर इंग्रजीत चार अक्षरं, लेफ्ट. खाली तारीख आणि छोटी सही. त्या चार अक्षरांना कोणी आव्हान देत नाही. बीट माझी, म्हणजे तिथे कोण राहतं आणि कोण नाही हे मी ठरवणार. साहेबाने ठरवायचं म्हटलं तरी तो मलाच विचारणार.

मी लेफ्ट लिहिलं. तिसऱ्या मजल्यावर गाणं चालू होतं आणि दुसऱ्यावर मी त्या माणसाला घर सोडायला लावलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. वर गेलो, त्याचं लाइटबिल आणि बहिणीचं पत्र दिलं, चहासुद्धा प्यायलो.

महिन्याभरात आणखी एक आला, तोही तसाच परत गेला. नंतर एक तर मी बीटवर नेलाच नाही. सकाळी टेबलावर टपाल लावतानाच हातात आला. पिनकोड, रस्ता, स्वप्नपूर्ती, बी विंग, अकरा. मागे तीच बँक. एवढं पुरे होतं. मी टेबलावरच लेफ्ट लिहून परतीच्या गठ्ठ्यात टाकला. शेजारी शिंदे कुठल्यातरी लग्नाची हकिगत सांगत होता, ती ऐकता ऐकता.

नंतर लिफाफे आले नाहीत. सदाही त्या कार्डाबद्दल काही बोलत नव्हता. मला वाटलं प्रकरण संपलं.

एका रविवारी सकाळी तो कोपरला आमच्या चाळीत आला. शाळा सुटल्यापासून तो आमच्या घरी आलेला नव्हता. सुमनने लगबगीने चटई झटकली, खुर्ची पुढे केली. तो चटईवर बसला. सुमन चहाला आत गेली तेव्हा त्याने पिशवीतून तीन लिफाफे काढून जमिनीवर ओळीने ठेवले. रिमार्कची बाजू वर.

"फॉर्म भरून पाठवला तरी कार्ड काही येईना, म्हणून मी बँकेच्या फोर्टातल्या ऑफिसात गेलेलो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "काउंटरवर एक मुलगी होती. तिने फाइल काढली आणि म्हणाली, सर, या पत्त्यावर तुम्ही राहत नाही. मी म्हटलं, राहतो. ती म्हणाली, पोस्टाने तीनदा लिहून दिलंय. मग तिचा साहेब आला. त्याने मला सगळ्यांसमोर विचारलं, हा पत्ता तुम्हाला कोणी दिला? नाऱ्या, माझ्याच घराचा पत्ता. रेशनकार्ड, लाइटबिल घेऊन दुसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा त्यांनी ऐकलं. त्यांनी मला सांगितलं की पोस्टमास्तरांना तक्रार द्या, कागद आम्ही टाइप करून देतो, तुम्ही फक्त सही करा. तो कागदही दिलाय, आणि परत आलेले हे लिफाफेही."

त्याने वरच्या खिशाला हात लावला. खोटा रिमार्क म्हणजे सस्पेन्शन. चौकशी, मग कदाचित नोकरीच. आत सुमन कप धूत होती, त्याचा आवाज येत होता. आई दारात भाजी निवडत बसली होती, सदाला बघून तिला खूप आनंद झाला होता.

"माझं अक्षर..." मी म्हणालो.

"मॅट्रिकपर्यंत तुझ्याच पेपरवरून लिहिलंय मी. हा शेपटीचा एल मला झोपेत दाखवलास तरी ओळखेन. का रे असं केलंस?"

मला थाप मारता आली असती. माझ्या रजेत बीट बघणाऱ्या बदलीवाल्याचं नाव घेता आलं असतं. का कोण जाणे, मी खरं बोललो.

"जळलो."

"कशावर? या कागदावर?"

"कागदावर, फ्लॅटवर, गाडीवर. सगळ्यावर. मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते सद्या."

मग तिसरा लिफाफा उचलून त्याने माझ्यापुढे धरला. "हे दोन माझे. हा माझा नाही. वाच."

मी सवयीने खालून सुरू केलं. पिनकोड. रस्ता. स्वप्नपूर्ती, बी विंग, अकरा. त्याच्या वर, केअर ऑफ सदानंद कर्णिक. आणि त्याच्याही वर, खिडकीच्या अगदी काठाशी, संगणकाच्या अक्षरांत, श्री. नारायण तरे.

मी ते पुन्हा वाचलं, या वेळी वरून खाली. तेच होतं. आणि खिडकीशेजारी, शेपटीच्या एलने सुरू होणारी ती चार अक्षरं, तारखेसह, माझ्या सहीसह.

"त्या पहिल्या फॉर्मवर तीन मित्रांची नावं मागितलेली," सदा म्हणाला. "त्यांनाही कार्डाचं पाठवतो म्हणालेले. मी एकच लिहिलं. तू म्हणालेलास ना, तुमच्या खोलीला नंबर नाही, म्हणून पत्ता माझा टाकला. तसंही आणणार तूच होतास."

"ऑफिसातल्यांची नावं का नाही लिहिलीस?"

"मित्र विचारलेले त्यांनी." मग तो म्हणाला, "मालतीला मी सांगून ठेवलेलं, नाऱ्या वर येईल, बेल वाजवेल, आणि हातातल्या पत्रावर त्याचंच नाव असेल. त्याचं तोंड बघायचंय मला. ती रोज साडेअकराला दाराकडे कान लावून बसायची."

सुमन चहा घेऊन आली. त्याने चहा प्यायला, आईला नमस्कार केला, तिने त्याला सुक्या बोंबलांची पुडी बांधून दिली. निघताना त्याने खिशातला टाइप केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर सही नव्हती.

"फाड नाहीतर ठेव," तो म्हणाला. "राग मला आलाय. लवकर जाईल असं वाटत नाही. पण तुला सस्पेंड करून आमच्याकडे नवीन पोस्टमन आणायचा, त्याला आमची बेल शोधायला शिकवायची, एवढा उद्योग मला नको."

त्याचा राग खरंच लवकर गेला नाही. पुढे सहा-सात महिने दार मालतीवहिनी उघडायच्या, पत्र घ्यायच्या, आत जायच्या. चहाचं कोणी विचारायचं नाही. मी निमूटपणे पत्रं द्यायचो. मग दिवाळीच्या आदल्या दिवशी दार सदाने उघडलं, हातावर पोस्त ठेवलं आणि म्हणाला, "बस. पाच मिनिटांनी पोस्ट बुडत नाही." मी बसलो. त्याने ते कार्ड पुन्हा मागवलं नाही, आणि आमच्यात तो विषय नंतर कधी निघाला नाही.

मी सुधारलो असं कोणी समजू नये. तेव्हा मी सदाच्या फ्लॅटवर जळत होतो. आता तर फ्लॅट आमच्याकडेही आहे, मुलाने घेतलाय, लिफ्टचा. आता मी दुसऱ्या गोष्टीवर जळतो. खिशात तो कागद असताना, काउंटरवर चारचौघांत अपमान झालेला असताना, माणूस सही न करता तो कागद परत देऊ शकतो. माझ्याच्याने ते झालं नसतं. मी सही केली असती, वर रिमार्कही लिहिला असता. त्याच्याकडे हे आलं कुठून ते मला कळत नाही, आणि ते माझ्या पेपरवरून उतरवलेलं नाही एवढं नक्की.

टाइप केलेला कागद मी त्याच दिवशी चुलीत घातला. तो लिफाफा मात्र अजून आहे, निरोपसमारंभाच्या श्रीफळ-शालीबरोबर ट्रंकेत. सदा गेल्यावर मी तो उघडला होता. आतल्या पत्राची मुदत संपून गेलेली. मजकूर तोच, बीटवरच्या प्रत्येकाला आलेला, हौसाबाईंच्या नवऱ्याला आलेला. आपली खास निवड झालेली आहे. असे हजारो लिफाफे मी वाटले असतील, आणि ते वाक्य त्यातल्या एकाच लिफाफ्यात खरं होतं. त्याच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय की हा माणूस आता इथे राहत नाही.